ज्याची शिट्टी, त्याचा कुत्रा

कुट्. कुट्. मग थोडं थांबून पुन्हा, कुट्.

दुपारचं घर गप्प होतं. टॅमसिनचा नवरा कॅलम आणि त्याचे वडील मेंढ्यांच्या लोकर-कातरणीच्या शेडमागचे कोंडवाडे दुरुस्त करायला गेले होते. पाच वर्षांची लेक एडी मागच्या व्हरांड्यात होती आणि तिचाही आवाज नव्हता, म्हणजे ती एकतर फार शहाण्यासारखी वागत होती किंवा अजिबातच नाही. टॅमसिन ओट्याशी उभी राहून स्कोनचं पीठ मळत होती. आवाज जेवणाच्या टेबलाखालून येत होता. टिंकरला सकाळी मटणाचं हाड दिलंय, तेच चघळत असेल, असं म्हणून ती मळत राहिली. मग तिची नजर खिडकीच्या फळीवर गेली. हाड तिथं बशीत पडलं होतं. फरशी पुसताना तिनंच उचलून ठेवलं होतं.

ती खाली वाकली.

टिंकर स्वतःचाच पाय खात होता. पुढचा उजवा पाय त्यानं समोर टाकला होता, रस्त्यात सापडलेली एखादी वस्तू टाकावी तसा, आणि दाढेखाली धरून तो नखं सोलत होता. दोन बोटांवरची कातडी गेली होती. फरशीवर रक्ताचा पट्टा ओढला गेला होता. टॅमसिनला बघून त्यानं तोंड वर केलं आणि शेपटी आपटली. तोंडाला रक्त, आणि शेपटी मात्र आनंदानं हलतेय. तिला भडभडून आलं, पण रडायला वेळ नव्हता. पिठाच्या हातांनीच तिनं त्याचं डोकं बाजूला सारलं, जखम धुतली, फडकं बांधलं आणि वर एडीचा बदकांचा पायमोजा चढवला. हे सगळं होताना टिंकरनं एकदाही पाय ओढून घेतला नाही. तो तिचं कोपर चाटत राहिला. त्याला काही कळतच नव्हतं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं.

पंधरवडा झाला होता त्या गोष्टीला. पिकअपच्या हौद्यातल्या कुत्र्याची साखळी आखूड असते. कडेवर पुढचे पाय ठेवून त्याला वारा खाता आला पाहिजे, पण कडेपलीकडे झेप घेता येता कामा नये, इतकीच. हे इथल्या पोरांना धड चालायच्या आधी ठाऊक असतं. त्या दिवशी टिंकर लांब साखळीला होता. गाडी सासरे चालवत होते, मर्व. कोरड्या ओढ्यापाशी कांगारू आडवा गेला, टिंकर कडेवरून उडाला, आणि साखळी ताणली गेली तेव्हा त्याचे मागचे पाय जेमतेम जमिनीला लागत होते. पुढचा एक पाय साखळीत अडकून खांद्यापासून ओढला गेला. मर्वना आरशात दिसेपर्यंत गाडी बरीच पुढं आली होती.

"कुत्रं मूर्ख निघालं," उतरल्या उतरल्या मर्व म्हणाले होते. "उडी मारली."

साखळी लांब का होती, हे टॅमसिननं त्याच दिवशी विचारलं होतं. त्यावर मर्वनी टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली आणि हातपाय धुवायला गेले. नाचता येईना अंगण वाकडं, हे तिला माहीत होतं. पण इथं तर अंगणालाच, म्हणजे टिंकरलाच, गोळी घालायची भाषा सुरू झाली होती.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई, इंग्रिड, यांनी पाय दाबून, वाकवून, टोचून पाहिला होता. हाड एकही मोडलं नव्हतं. मोडलं असतं तर जोडलं असतं, त्या म्हणाल्या. खांद्यातून पायात उतरणाऱ्या नसाच मुळापासून उपटल्या होत्या. पाय जागेवर होता, दिसायला धड होता, केसही चमकत होते, पण टिंकरच्या लेखी तो उरला नव्हता. थोडे दिवस वाट बघायची. जाणीव परत आली तर देव पावला. आणि तो पाय कुरतडायला लागला, तर मात्र क्षणभर थांबायचं नाही.

टॅमसिननं हात पुसले आणि फोन लावला. इंग्रिडनी सगळं ऐकून घेतलं. उद्या सकाळी घेऊन ये, म्हणाल्या. खांद्यापासून काढावा लागेल. एकदोन दिवसांत तो तीन पायांवर अंगणभर हिंडेल, खाईल, भुंकेल. पण एक गोष्ट आधीच नीट समजून घे. कोंडवाड्यात मेंढ्यांच्या पाठींवरून धावणं आणि कठड्यावरून उड्या टाकणं, हे संपलं. सगळा भार एकाच पुढच्या पायावर आला तर वर्षभरात तोही जाईल.

"त्याला ठेवणार असाल तर पाय काढते," इंग्रिड म्हणाल्या. "नाहीतर तेही सांगा, म्हणजे मी उगाच टेबल अडवून ठेवत नाही. कुत्रा कुणाच्या नावावर लिहू?"

"घरात विचारून सांगते," टॅमसिनच्या तोंडून निघून गेलं. फोन ठेवल्यावर तिचाच तिला राग आला. कुणाला विचारायचं होतं? ज्यांनी साखळी लांब ठेवली त्यांना?

ते दोघं चहाला आले तेव्हा स्कोन गरम होते आणि टॅमसिन त्याहून गरम. तिनं फरशीवरचा रक्ताचा पट्टा मुद्दाम पुसला नव्हता. कॅलमनं तो पाहिला, बूट काढले आणि त्याला वळसा घालून तो खुर्चीवर बसला. मर्व बूट घालूनच त्यावरून आले. कामाचा कुत्रा घरात हे त्यांना मुळातच सोसत नव्हतं. कुत्र्याची जागा अंगणातल्या झाडाखालच्या पिंपात, साखळीला. गेला पंधरवडा ते टेबलाखाली बघायचंच नाही, अशा बेतानं जेवत होते.

टॅमसिननं इंग्रिडचा निरोप सांगितला. मर्वनी स्कोनला जॅम लावला.

"तीन पायांचा कुत्रा," ते कॅलमला म्हणाले. "कॅलेंडरवर छान दिसेल."

कॅलमनं एक स्कोन पुढं ओढला.

"पुढच्या आठवड्यात कातरणीवाले येतायत. शेडमधली तरुण पोरं हसतील. मर्वच्या पोराकडं मेंढ्या हाकायला तिपाई आहे म्हणतील. आणि हसणं जाऊ दे. काम हाच त्या जातीचा जीव आहे. मेंढी समोर दिसायची आणि पळता यायचं नाही, यापेक्षा वाईट काय? त्यापेक्षा त्याला ओढ्यापलीकडं ने, मटणाचा तुकडा दे. त्याला आवाजही ऐकू येणार नाही. यात दया आहे."

"बघू," कॅलम म्हणाला.

हा शब्द टॅमसिननं पंधरवडाभर ऐकला होता. पायाला हळद लावल्यासारखा रंग चढला तेव्हा बघू. टिंकर लंगडी घालताना त्या पायात अडखळून मागच्या पायऱ्यांवर आपटला तेव्हा बघू. कॅलमचं म्हणणं, अजून थोडं थांबावं. पाय तर अख्खा आहे, अख्खा पाय कसा कापायचा? तो असा का बोलतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. कॅलम अकरा वर्षांचा असताना त्याच्या कुत्रीवरून ट्रेलरचं चाक गेलं होतं आणि मर्वनी रायफल त्याच्याच हातात दिली होती. इथली रीतच ती. आपला कुत्रा आपणच मारायचा. शेजाऱ्याला सांगायचं नाही, बापाला सांगायचं नाही, गड्याला तर नाहीच. त्या दिवसानंतर कॅलमनं आयुष्यातली प्रत्येक कठीण गोष्ट 'बघू'च्या पिशवीत टाकली होती. तिला त्याची कीव यायची. पण आज टेबलाखाली एक जीव स्वतःला खात होता, आणि वर दोन पुरुष त्याचं काय करायचं ते एकमेकांना सांगत होते. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती चहा ओतत होती.

"तुझा कुत्रा आहे," मर्व मुलाला म्हणाले. "तू ठरव. पण आज ठरव."

"त्याचा नाही तो," टॅमसिन म्हणाली.

मर्वनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

"तुम्हीच सांगता ना, ज्याची शिट्टी त्याचा कुत्रा? विकत कुणी घेतला, पिल्लू कुणी आणलं, याला काडीची किंमत नाही म्हणता. दारूच्या गुत्त्यात कुत्र्यावरून दोघांचं भांडण लागलं तर कुत्रा मध्ये सोडतात आणि दोघांना शिट्टी घालायला लावतात, हे तुम्हीच एडीला दहादा सांगितलंय."

"बरोबर आहे," दारातून एडी म्हणाली. व्हरांड्यात ती शहाण्यासारखी वागत नव्हती हे तिच्या कोपरापर्यंतच्या चिखलावरून दिसत होतं. "ज्याची शिट्टी त्याचा कुत्रा. आजोबा म्हणाले."

मर्व हसले. हसणं वाईट नव्हतं. आपलाच नियम आपल्याला ऐकवणारी नात कुणाला आवडणार नाही? "घाला मग शिट्टी," ते म्हणाले.

टिंकरला उचलून अंगणात ठेवलं. कॅलम उजवीकडं कपड्यांच्या दोरीपाशी उभा राहिला, टॅमसिन डावीकडं पाण्याच्या टाकीपाशी. कॅलमला हा खेळ नको होता, पण बापासमोर नाही म्हणणं त्याला कधी जमलंय? त्यानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. कोसभर जाणारी, खणखणीत शिट्टी. निलगिरीवरचे गुलाबी काकाकुवे उठून गेले. टिंकरनं कान वळवले, मालकाकडं आदरानं पाहिलं, आणि बसून राहिला.

टॅमसिननं बोटं लावली नाहीत. समोरच्या दोन दातांमध्ये तिला बारीकशी फट होती, तिच्यातून तिनं हवा सोडली. शिट्टी म्हणावी की नाही असा तो आवाज. एडी जेमतेम सहा महिन्यांची असताना कॅलम दक्षिणेकडं पेरणीच्या कामाला गेला होता, आणि हे पिल्लू तिच्या गळ्यात पडलं होतं. पोटाशी बांधलेली पोर झोपलेली, हातात दुधाची बाटली, समोर चुकार मेंढ्या. मोठ्यानं शिट्टी घालायची सोय नव्हती. पोर जागी होऊ नये अशा आवाजात तिनं त्याला सगळं शिकवलं. बस. थांब. डावीकडून. उजवीकडून. माझ्याकडं. झोपल्या लेकराच्या टाळूवरून जाणारी ती फुंकर टिंकर अर्ध्या रानातून ऐकायचा.

आताही त्यानं ऐकली. तो उठला. मेलेला पाय धुळीतून ओढत, बदकांचा मोजा अर्धा निसटलेला, एकदा तोंडावर आपटून, पुन्हा उठून, तो टाकीपाशी आला आणि तिच्या बुटावर बसला.

कॅलमनं मान खाली घातली. त्याला सुटल्यासारखं वाटलं हे तिला इतक्या लांबूनही दिसलं, आणि त्याचाही तिला राग आला.

"ठीक," मर्व म्हणाले. "तुझा कुत्रा." आणि शर्टाच्या खिशातून एक काडतूस काढून त्यांनी ते पायरीवर, तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. "तुझा, तर कामही तुझं. रीत अर्धी पाळायची नसते, पोरी."

टॅमसिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला बरंच काही बोलायचं होतं. कातरणीच्या दिवसांत या शेडसाठी टिंकर तळवे फाटेपर्यंत धावला होता. गेल्या उन्हाळ्यात कोंडवाड्यात घुसलेला साप एडीपासून हात-दीड हात अंतरावर होता तेव्हा मध्ये कोण उभं राहिलं होतं? आणि हे सगळं एका लांब साखळीपायी फुकट? पण एडी बघत होती. तिनं काडतूस उचललं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

"माझा कुत्रा," ती म्हणाली. "म्हणजे मी सोडून कुणी त्याच्यावर बंदूक उचलायची नाही. आणि मी उचलत नाही. उद्या सकाळी त्याचा पाय काढून आणते. रीत पूर्ण झाली की नाही?"

मर्व शेडकडं चालू लागले. चालताना त्यांचा उजवा हात खिशात होता. अलीकडं तो नेहमी खिशातच असायचा.

तिनं इंग्रिडना फोन करून सांगितलं. कुत्रा माझ्या नावावर लिहा, तेही सांगितलं. मग उन्हं कलताना ती पिकअपमधून टिंकरसाठी जुनी घोंगडी काढायला गेली. एडी मागोमाग होतीच. हौद्यात दोन्ही साखळ्या पडल्या होत्या. लांब साखळीला साधा वाकवलेला आकडा होता. आखूड साखळीला दणकट स्प्रिंगची कडी होती. अंगठ्यानं जीभ मागं ओढून धरायची, दुसऱ्या हातानं पट्ट्याचं कडं आत सरकवायचं. टॅमसिननं सहज ओढून पाहिली. कडक होती, पण अशक्य नव्हती.

"मला येते ती," एडी म्हणाली. "दोन्ही अंगठ्यांनी ओढायची. मीच लावते रोज."

"तू कशाला लावतेस?"

"आजोबांचा हात ऐकत नाही ना. तो आपला आपलाच हलतो. म्हणून आजोबा टिंकरला धरतात आणि मी कडी लावते. आमचं गुपित आहे." ती जरा थांबली. "आता तुला पण माहीत झालं."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी तू मला नाहायला बसवलं होतंस. आजोबांनी खिडकीतून हाक मारली होती, तू म्हणालीस, येणार नाही ती आता, डोक्याला साबण आहे."

टॅमसिन हौद्याच्या कडेला टेकून उभी राहिली. ती हाक तिला आठवली. एडी, जरा बाहेर ये गं, एवढंच ते म्हणाले होते. टॅम, ही कडी लाव, असं नाही. टॅम खिडकीच्या आतच होती. दहा पावलांवर. ओल्या हातांनी ती धावत आली असती. पण पाच वर्षांच्या पोरीला सांगता येतं ते सुनेला सांगता आलं नाही. म्हणून लांब साखळीचा सोपा आकडा. म्हणून कोरड्या ओढ्यापाशी ते सगळं. आणि मग पंधरवडाभर कुत्रं मूर्ख, कुत्रं मूर्ख. चोराच्या उलट्या बोंबा. गोळी घातली असती तर टिंकरबरोबर त्या हाताचं गुपितही पुरलं गेलं असतं, कुणाला कळलं नसतं. दया म्हणे.

तिनं आखूड साखळी उचलली, एडीला बापाकडं पिटाळलं आणि ती कुत्र्यांच्या पिंपांकडं गेली. मर्व तिथं उलट्या बादलीवर बसून बाकीच्या कुत्र्यांना खाणं घालत होते, डाव्या हातानं.

तिनं साखळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"लावून दाखवा."

त्यांनी वर पाहिलं. मग खाली, कडीकडं. नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी उजवा हात खिशातून काढला. बाहेर येताच तो थरथरायला लागला. अंगठा जिभेवर ठेवला, निसटला. पुन्हा ठेवला. पुन्हा निसटला. हे तिला बघवेना, पण तिनं मान वळवली नाही. टिंकरकडं तिनं पंधरवडाभर पाहिलं होतं.

"पोरीनं सांगितलं," ते म्हणाले.

"पोरीनं सांगितलं. तुम्ही सांगायला हवं होतंत."

"कुणाला? कॅलमला? म्हणजे तो बघू म्हणेल, आणि मग एक दिवस मला गावात त्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन बसवेल. रस्त्याकडं तोंड करून. मांडीवर रग." त्यांनी साखळी बाजूला ठेवली. "या मुलखात कामाला न येणाऱ्याला कुणी ठेवून घेत नाही, टॅम."

"हे तुम्हीच म्हणत आलात. बाकी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही."

त्यांनी डाव्या हातानं पुढच्या कुत्र्याला खाणं घातलं.

"तुम्हाला लाज वाटली, मर्व, आणि त्याचा पाय गेला," ती म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, तो चढलाही नाही. "वर त्याचा जीवही घ्यायला निघालात. मला तुमच्या हाताचं वाईट वाटतंय, पण ते उद्या वाटेल. आज मला नुसता संताप येतोय. कॅलमला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. पाय काढून मी परत येईन तोवर सांगायचं."

एप्रनच्या खिशातलं काडतूस काढून तिनं बादलीशेजारी धुळीत उभं करून ठेवलं आणि ती घराकडं वळली. मागून ते काहीतरी म्हणाले. तिला ऐकू आलं, पण तिनं ऐकलं नाही असं केलं. ते म्हणाले होते, मटण टिंकरसाठी बाजूला ठेवलंय.

सकाळी निघताना तिनं टिंकरला हौद्यात नाही, पुढं, माणसांच्या जागी घेतलं. घोंगडी अंथरली, मध्ये एडी, खिडकीपाशी टिंकर. एडीनं त्याचा मोजा सारखा केला, आणि मोज्यातून त्याच्या पायाचा मुका घेतला, कारण पाय परत येणार नव्हता. त्याला कळलं नाही हे बघून मग तिनं त्याच्या नाकाचाही घेतला. कॅलम खिडकीशी येऊन उभा राहिला. टिंकरच्या कानामागं खाजवलं, टॅमसिनच्या खांद्यावर हात ठेवला. आपण चूक तर करत नाही ना, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. तिच्याही मनात तेच होतं. ज्याचं सगळं सुख धावण्यात होतं त्याला ती न धावण्यासाठी जगवायला निघाली होती, आणि त्याला विचारायची सोय नव्हती. इतकंच ठाऊक होतं, की काल तो तिच्या बुटावर येऊन बसला होता, आणि बसल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले होते.

मर्व न्याहारीला आले नव्हते. कॅलमला अजून काही माहीत नव्हतं.

वळणापुढं शिवेचं फाटक लागतं. तिथं मर्व उभे होते. पहाटेच चालत आले असावेत. बुटांवर दव होतं, डोक्यावर सणाला घालायची टोपी. गाडी बघून ते फाटक उघडायला वळले. शेजारी बसलेल्यानं उतरून फाटक उघडायचं ही इथली पद्धत. टॅमसिनच्या शेजारी आज एक पोर आणि एक लंगडा कुत्रा होता.

फाटकाला साखळी होती, आणि साखळीला खाचेत बसवायची कडी. मर्वनी उजवा हात लावला. मग डावा. मग डाव्यानं उजव्याचं मनगट धरलं. कडी खाचेतून निघेना. एकदा निघाली आणि परत आत पडली. पाठ गाडीकडं होती. खांदे हलत होते, ते हाताचे की आणखी कशाचे, काचेतून कळत नव्हतं.

टॅमसिननं हॉर्न वाजवला नाही. उतरलीही नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ती बसून राहिली. उतरून जावं, एका झटक्यात कडी काढून द्यावी, असं तिच्या पायांना वाटत होतं. आणि करू देत, दिसू दे त्यांना, असं छातीत काहीतरी अजून धुमसत होतं. टिंकर काचेला नाक लावून म्हाताऱ्याकडं बघत होता आणि शेपटी हळूहळू आपटत होता. त्याच्या मनात काहीच नव्हतं. त्याचाही तिला राग आला.

एडीही बघत होती. तिच्या कपाळावर ती बारीक आठी होती, जी कोडं घातल्यावर पडते.

"आई," ती म्हणाली, "टिंकर तुझा. कारण तो तुझ्या शिट्टीवर येतो."

"हो."

"मग आजोबा कुणाचे? ते कुणाच्या शिट्टीवर येतात?"